उत्तरायुष्यातील हजेरी

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, ज्येष्ठांच्या सत्काराच्या प्रसंगी वांद्रे येथे झालेले भाषण. वक्ते निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत.)



‘उत्तरायुष्य कसे जगावे’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाने आज्ञा केली. मी विद्वान नव्हे. १९७५ साली मॅट्रिक झालो, पुढे अध्यापनाची पदविका घेतली आणि अडतीस वर्षे महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांतून मुलांना बाराखडी व पाढे शिकवून २०१७ साली निवृत्त झालो. आपल्या पूर्वजांनी गृहस्थाश्रमानंतर वानप्रस्थाश्रम सांगितला, हे मी जाणतो. परंतु त्यावर प्रवचन करण्याचा अधिकार मजकडे नाही. शिवाय वांद्र्याच्या माणसाने वनात जावे तरी कोठे? तेव्हा जे माझ्या घरी घडले आणि जे याच वांद्र्यात थोरामोठ्यांच्या हातून पूर्वी घडून गेले, तेवढेच आपणांपुढे ठेवतो. त्यात माझ्या एका चुकीची कबुलीही आहे. ती ऐकून घ्यावी, अशी प्रार्थना आहे.

माझी पत्नी सरकारी कचेरीत नोकरीस होती. तिच्या नोकरीमुळे आम्हांस वांद्रे पूर्वेच्या शासकीय वसाहतीत राहावयास जागा मिळाली होती. आपल्यापैकी अनेकांची आयुष्ये त्या वसाहतीत गेली आहेत. त्यांस सांगावयास नको की, जागा सरकारची असते आणि नोकरी संपली की ती सोडावी लागते. २०१९ साली पत्नी निवृत्त झाली. दोघांच्या निवृत्तीची रक्कम आणि मुलाने काढलेले कर्ज यांतून खेरवाडीत एक खोली व स्वयंपाकघर एवढी जागा आम्ही घेतली. आता चोवीस वर्षांचा संसार त्या एका खोलीत बसवावयाचा होता.

माळ्यावरून सामान खाली येऊ लागले, तेव्हा मी थक्क झालो. कान तुटलेले कप, काजळी धरलेले तीन स्टोव्ह, बिघडलेला रेडिओ, मुलाची पहिलीपासूनची पुस्तके, कोणाच्या तरी लग्नात मिळालेली आणि वेष्टनातून कधी बाहेर न निघालेली चहाची तबके! माझ्या एकट्याच्या नावावर चौदा शाली आणि एकोणीस स्मृतिचिन्हे निघाली. पत्नी ढिगाशेजारी बसली आणि म्हणाली, “अहो, गेल्या वर्षभरात यांतलं काय काय हाताला लागलं, तेवढं सांगा. तेवढंच नेऊ.” मला उत्तर देता येईना. मी जुन्या हजेरीपटांच्या नकला छातीशी धरून बसलो होतो. तिने मात्र आईचे एक पितळी पातेले मागे ठेवून बाकी सारी भांडी एका सकाळी वाटून टाकली. शेवटी एका टेंपोच्या एका खेपेत आमचा संसार खेरवाडीस आला आणि घर मोकळे झाले.

येथपर्यंतची हकीकत ऐकून आपण म्हणाल, “गुरुजींनी साधेपणाचा धडा घेतला!” बंधूंनो, घेतला नाही. घर मोकळे झाले, तरी मन तसेच भरलेले होते. दीडच महिन्याने, श्रावणात, माझी साठी आली. षष्ट्यब्दीपूर्तीचा समारंभ सभागृह घेऊन करावा असे मीच ठरविले. मुलाच्या डोक्यावर घराचे कर्ज असताना सभागृह, दोनशे पाने, छायाचित्रकार आणि मंडप यांवर माझे एक लाख साठ हजार रुपये गेले.

त्याच आठवड्यात रत्नागिरी जिल्ह्यातून माझ्या धाकट्या बहिणीचा दूरध्वनी आला. तिची मुलगी बारावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली होती. औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेस तिला प्रवेश मिळत होता आणि चाळीस हजार रुपये चार दिवसांत भरावयाचे होते. बहीण म्हणाली, “दादा, उसने दे. भात निघाला की फेडीन.” मी म्हणालो, “कार्य उरकू दे, मग बघू.” कार्य उरकले. तोवर प्रवेशाची मुदतही उरकली होती.

बहीण समारंभास आली. आपल्या रीतीप्रमाणे साठ दिव्यांनी माझे औक्षण झाले आणि ते ताम्हन तिच्याच हातात होते. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर काय होते ते मला सांगता येणार नाही, कारण मी छायाचित्रकाराकडे पाहत होतो. भाची औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहू लागली. दुसऱ्या वर्षी महामारी आली. पुढे २०२१ साली तिचा प्रवेश झाला आणि ती रक्कम मी भरली. पण त्या मुलीची दोन वर्षे गेली ती गेलीच. आणि त्यानंतर बहिणीने माझ्यापाशी कधी काही मागितले नाही.

हे मला उमगले कसे, तेही सांगतो. २०२० सालच्या टाळेबंदीत एका जुन्या विद्यार्थ्याने माझ्या मोबाइलवर गाडगे महाराजांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण पाठविले. गाडगेबाबांचे चरित्र मी मुलांना अनेकदा सांगितले होते. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्म, १९०५ साली गृहत्याग, हातात खराटा आणि मडक्याचे गाडगे, अंगावर चिंध्यांचे वस्त्र हे सर्व मला तोंडपाठ होते. ठाऊक नव्हते ते एवढेच की, जे त्यांचे अखेरचे कीर्तन म्हणून प्रसिद्ध आहे, ते ८ नोव्हेंबर १९५६ रोजी आपल्या वांद्र्यात, पोलीस ठाण्यात झाले. वयाची ऐंशी वर्षे उलटली होती, प्रकृती ढासळली होती. पुढे सहा आठवड्यांनी, २० डिसेंबर रोजी, अमरावतीनजीक त्यांनी देह ठेवला.

बाबांची रीत प्रश्न विचारण्याची. ते श्रोत्यांना विचारीत, श्रोते उत्तर देत आणि त्या उत्तरांतूनच बाबा पुढचा प्रश्न काढीत. अडतीस वर्षे वर्गावर उभा राहिलेल्या माणसास ही पद्धत ओळखीची वाटली. त्यांच्या कीर्तनांतून आयुष्यभर येणाऱ्या गोष्टी मोजक्याच होत्या. कर्ज काढून सणवार आणि जेवणावळी करू नका. पोटाला चिमटा घ्यावा लागला तरी मुलांना शिकवा. दारूच्या वाटेस जाऊ नका. देव दगडात न शोधता माणसात पाहा. माझ्या एका खोलीत बसून मी हे ऐकत होतो आणि एक लाख साठ हजार व चाळीस हजार हे दोन आकडे माझ्यापुढे एखाद्या वजाबाकीच्या उदाहरणासारखे मांडले जात होते. पहिलीच्या मुलास सुटेल असे ते उदाहरण. परंतु साठ वर्षांच्या शिक्षकास ते सुटले नव्हते.

टाळेबंदी उठल्यावर एके दिवशी सकाळी मी मुद्दाम स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेस गेलो आणि हिल रोडवरच्या पोलीस ठाण्यासमोर क्षणभर उभा राहिलो. रस्त्यावर मोटारी, रिक्षा आणि दुकानांची गर्दी होती. मनात आले की, या माणसाने पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. लोकांनी दिलेला लक्षावधी रुपयांचा पैसा त्यांच्या हातांखालून गेला. आणि त्यांतील कशावरही त्यांनी स्वतःचा वा आपल्या गोताचा हक्क ठेवला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. ज्यास स्वतःकरिता काही सांभाळावयाचे नव्हते, त्यास समोरचा माणूस स्पष्ट दिसत होता. मला माझी बहीण हातभर अंतरावर दिसली नाही. दोघांतील फरक काय तो एवढाच.

हे संतांस साधले, संसारी माणसास कसे साधावे, असे कोणी म्हणेल. त्यास उत्तर म्हणून आपल्याच शेजारचे एक उदाहरण देतो. वांद्रे पूर्वेला साहित्य सहवास ही लेखकांची वसाहत आहे. कविवर्य विंदा करंदीकर तेथे राहत असत. ते प्राध्यापक होते, संसारी होते, मुलाबाळांचे होते. २००३ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांस मिळाला आणि त्यापूर्वीही मोठमोठे पुरस्कार लाभले होते. परंतु पुरस्कारांच्या रकमा त्यांनी सामाजिक कार्यासाठी देऊन टाकल्या आणि स्वतःची राहणी २०१० साली निधन होईपर्यंत साधीच ठेवली. देण्याघेण्याविषयीची त्यांची कविता आम्ही शिक्षकांनी वर्गावर वर्षानुवर्षे शिकविली. मुलांकडून पाठ करून घेतली, तिच्यावर प्रश्न काढले, गुण दिले. कवीने ती जगून दाखविली. आम्ही मात्र गुण देऊन मोकळे झालो.

आता साधेपणाविषयी दोन गैरसमज आहेत, त्यांचा उलगडा करणे अवश्य आहे.

पहिला गैरसमज असा की, साधेपणा म्हणजे कंजूषपणा. तसे मुळीच नाही. कंजूष मनुष्य पैसा वाचवितो तो धरून ठेवण्यासाठी. साधा मनुष्य वाचवितो तो योग्य वेळी हात आखडता घ्यावा लागू नये म्हणून. आजारपणाची तरतूद करावी, औषध घ्यावे, चष्म्याचा नंबर वेळेवर तपासावा. दात नसताना कवळी न बसविणे याला साधेपणा म्हणत नाहीत, हेळसांड म्हणतात.

दुसरा गैरसमज याहून घातक आहे. सर्व सोडावयाचे म्हणून काही वडील मंडळी राहते घर हयातीतच मुलांच्या नावे करून देतात आणि पुढे स्वतःच्याच घरात पाहुणे होतात. आपल्या मुलांवर विश्वास असावा. पण विश्वास आणि दस्तऐवज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासाठी २००७ साली केंद्र सरकारने कायदा केला. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असून पुढे सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येते, अशी त्यात तरतूद आहे. परंतु तशी पाळी येऊच नये. म्हणून घर नावे करून देण्याऐवजी मृत्युपत्र करावे हे बरे. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, तथापि करून ठेवणे हिताचे. आम्ही उभयतांनी मृत्युपत्रे केली, सर्व कागद एका पिशवीत घातले आणि ती पिशवी कोठे आहे हे मुलास व सुनेस दाखविले. त्या रात्री मला जी झोप लागली, ती कित्येक वर्षांत लागली नव्हती. पसारा घरात असतो तसा कागदांतही असतो आणि तो मागे राहिलेल्यांना फार छळतो.

मग सोडावयाचे ते काय? माझ्या अनुभवाप्रमाणे तीन गोष्टी सोडाव्यात. ज्या वस्तूंना वर्षभर हात लागत नाही, त्या द्याव्यात. आणि फाटक्यातुटक्या नव्हे, तर घेणाऱ्यास घेताना बरे वाटेल अशा स्थितीत द्याव्यात. दुसरे, घरातील प्रत्येक निर्णयात आपला शब्द शेवटचा असावा, हा आग्रह सोडावा. सून पोळ्या कोणत्या तेलाने लाटते यात सासऱ्याने लक्ष घालण्याचे प्रयोजन नाही. तिसरे आणि सर्वांत कठीण म्हणजे मान. आपणांस कोणी बोलाविले काय, पहिल्या रांगेत बसविले काय, पत्रिकेत नाव घातले काय, या हिशेबात निवृत्त माणसाचा निम्मा दिवस जातो. माझा तरी जात असे.

हे सोडल्यावर मोकळ्या झालेल्या वेळेचे काय करावे, याविषयी शिक्षकाच्या भाषेत सांगतो. वर्गात मी रोज हजेरी घेत असे. नाव पुकारले की मूल म्हणे, “हजर!” काही मुले तोंडाने हजर म्हणत आणि डोळे खिडकीबाहेर ठेवीत. त्यांना मी रागे भरत असे. आज मला कळते की, त्या मुलांत आणि माझ्यात भेद नव्हता. औक्षणाच्या पाटावर मी तोंडाने हजर होतो. लक्ष मात्र दुसरीकडे होते. साधेपणाने राहावयाचे ते यासाठी की, उरलेल्या आयुष्यात आपले नाव पुकारले जाईल तेव्हा आपण खरोखर हजर असावे.

यासाठी मोठी साधना लागत नाही. जेवताना दूरदर्शन आणि मोबाइल बंद ठेवावा आणि आमटीला आज काय फोडणी आहे, ते जिभेस कळू द्यावे. फिरावयास जाताना रोजच्याच वाटेने जावे, पण पाहत जावे. वांद्रे तलावाभोवती एक फेरी मारली तरी पाण्यावर आज कोणते पक्षी आहेत, हे सांगता आले पाहिजे. बायको बोलत असताना वर्तमानपत्र खाली ठेवावे. शेवटची गोष्ट सांगावयास सोपी आणि आचरणास फार अवघड आहे, हे येथे बसलेल्या भगिनींच्या हसण्यावरून दिसतेच आहे.

आणि हाताला काही काम असावे. काम मोठे असलेच पाहिजे असे नाही. महर्षी कर्वे यांनी १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यापाड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले आणि त्यासाठी दारोदार वर्गणी गोळा केली. एवढी आपली झेप नसेल. मुंबई उपनगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी कार्यालय आपल्या वांद्रे पूर्वेलाच आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अशा कामांसाठी लोक लांबून येतात. पुष्कळांना अर्ज कसा भरावा हे उमगत नाही. आठवड्यातून दोन सकाळी मी त्या बाजूस जातो आणि बाहेर भेटेल त्याचा अर्ज भरून देतो. अक्षर चांगले आहे, तेवढीच माझी मिळकत. अर्ज कोणत्या जातीच्या माणसाचा, हे मला तो रकाना भरताना कळते आणि अर्ज त्याच्या हाती दिला की मी ते विसरतो. कोणी आभार मानतो, कोणी न बोलता निघून जातो. दोन्ही मला सारखेच वाटावे, असा प्रयत्न चालू आहे; अजून पूर्णपणे साधलेला नाही.

आता अखेरचे मागणे. आजच्या सत्कारार्थींच्या यादीत माझेही नाव आहे. ज्यांनी शाल व श्रीफळ स्वीकारले, त्यांचा मान मोठा आहे आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु माझ्यापुरते कार्यकारी मंडळाची क्षमा मागून असे विनवितो की, माझी शाल आणू नये. शाल व स्मृतिचिन्ह यांस जो खर्च होणार असेल तो शिक्षणनिधीत जमा करावा. त्यात मी चाळीस हजार रुपये माझे घालतो. हा दानधर्म नव्हे. २०१९ सालच्या श्रावणात द्यावयाची राहिलेली रक्कम मी आज, उशिरा, भरीत आहे.

माझी सूचना अशी आहे की, ज्ञातीतील ज्या कोणाची साठी, पंचाहत्तरी वा सहस्रचंद्रदर्शन असेल, त्याने घरच्या घरी, जवळच्या माणसांत ते साजरे करावे आणि जेवणावळीचा उरलेला पैसा एखाद्या मुलाच्या शुल्कासाठी द्यावा. प्रवेशाच्या मुदती चार दिवसांच्या असतात. म्हणून निधीतून चार दिवसांत रक्कम हाती पडेल, अशी व्यवस्था असावी. अर्ज, सभा, ठराव, मंजुरी यांत दोन महिने गेले तर आपणही “कार्य उरकू दे” असेच म्हटल्यासारखे होईल. आणि निधीत भर पडत गेली तर त्यातील काही वाटा ज्ञातीबाहेरच्या गरजू मुलासही मिळावा. गाडगेबाबांचे कीर्तन ज्या वांद्र्यात झाले, तेथील संस्थेस हे शोभून दिसेल.

माझी भाची २०२३ साली पदविका उत्तीर्ण झाली. आता ती एका औषधाच्या दुकानात कामास आहे. पूर्वी काउंटरवर मदतनीस म्हणून उभी राहत असे, आता नोंदणीकृत औषधनिर्माती म्हणून उभी राहते. गेल्या भाऊबीजेस बहीण खेरवाडीस आली. खोली लहान, पाट भिंतीला टेकलेला, निरांजन एकच. या वेळी छायाचित्र काढू नका, असे मी सर्वांस सांगितले होते. बहिणीने ओवाळले आणि मी तिच्याकडे पाहत होतो. तिचे केस पुष्कळ पिकले आहेत, ते मला त्या दिवशी प्रथम दिसले. ती म्हणाली, “दादा, असा काय बघतोस?” मी म्हणालो, “काही नाही. हजर आहे.”